जरा चक्कर मारून येते...

सहलीला किंवा देवाला निघालेल्या कुठल्याही घरातली एक गोष्ट नीट बघा. दिवसभराचा प्रवास करून सगळे चार-साडेचारला मुक्कामी पोचतात. भक्तनिवासात खोली मिळते. सामान आत येतं. आणि मग पाच-दहा मिनिटांत घरातला पुरुष पायात चपला सरकवत म्हणतो, ''जरा चक्कर मारून येतो.'' साधं वाक्य. त्याला 'कुठे?' असं कुणी विचारत नाही. 'कशाला?' असं तर नाहीच नाही. तासाभराने तो परत येतो तेव्हा त्याला गाव कळलेलं असतं. चहा कुठे बरा मिळतो, देऊळ किती वाजता बंद होतं, जुना वाडा कुठल्या गल्लीत आहे, नदीला पाणी किती आहे... सगळं!

आणि त्या तासाभरात बाई काय करते? पिशव्या उघडते. ओला टॉवेल वाळत घालायला जागा शोधते. बरोबर आणलेल्या दशम्या-धपाटे खराब तर झाले नाहीत ना, ते बघते. नळाला पाणी आहे का, दाराची कडी नीट लागते का, सासूबाईंच्या रात्रीच्या गोळ्या कुठल्या पिशवीत राहिल्या, उद्या कुणी कितीला आंघोळ करायची... तिचा हिशेब संपतच नाही. गाव तिला भेटतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही कुणाच्या तरी मागे मागे चालताना.

मैत्रिणींनो, खरं सांगा, 'जरा चक्कर मारून येते' हे वाक्य तुम्ही एखाद्या बाईच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं?

मला आज या एका संध्याकाळीविषयीच बोलायचंय. जुन्या, इतिहास असलेल्या गावी आपण जातो तेव्हा तिथली पहिली संध्याकाळ मोकळी ठेवावी. त्या संध्याकाळी दर्शन नको, खरेदी नको, 'हे बघायचं राहिलं' अशी यादी नको. नुसतं हिंडावं, बसावं, माणसं बघावीत. आणि ही निवांत संध्याकाळ घरातल्या बाईलाही मिळावी, नव्हे, आधी तिलाच मिळावी. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण ही एक संध्याकाळ मागून बघा, म्हणजे ती मिळवायला किती गोष्टी बदलाव्या लागतात ते कळतं!

पहिलीच संध्याकाळ का? तर जुनी गावं संध्याकाळी बोलतात. आपल्याकडची देवळं, घाट, पार, ओटे हे सगळं ऊन उतरल्यावर माणसांनी एकत्र बसावं या हिशेबानं बांधलेलं आहे. देवळापुढची दीपमाळ दुपारी बघितली तर नुसता दगडी खांब. तिच्या हातांवर पणत्या लागायच्या त्या दिवेलागणीला. घाटाच्या पायऱ्या दुपारी पाय भाजतात, त्याच संध्याकाळी बसायला बोलावतात. मराठवाड्यात तर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे गाव खऱ्या अर्थानं बाहेर पडतं तेच मुळी सूर्य कलल्यावर. म्हणजे जिला संध्याकाळ मिळाली नाही, तिला ते गावच मिळालं नाही.

आता लांबचं कशाला, आमच्या परभणी जिल्ह्यातलंच गंगाखेड घ्या. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही अभिमानानं म्हणतो खरं, पण बाहेरच्या माणसाला 'परभणीत बघण्यासारखं काय?' असं विचारलं की तो डोकं खाजवतो. त्याला गंगाखेडला न्यावं. परभणीहून ४० एक किलोमीटर. गोदावरीचा पूल ओलांडला की गाव सुरू होतं. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कमीच म्हणतात, ती 'गंगा'च. म्हणून हे गंगाखेड, म्हणून याला 'दक्षिण काशी' म्हणायचं, आणि म्हणूनच आसपासच्या गावांतून लोक अस्थी घेऊन इथल्या घाटावर येतात.

नीट पाहिलं तर या घाटावर प्रत्येक बाई काही ना काही कामाला आलेली दिसते. कुणी अस्थींबरोबर, कुणी पर्वणीच्या स्नानाला, कुणी नवस फेडायला, कुणी धुणं घेऊन. नुसती बसायला आलेली बाई शोधून काढावी लागते. पुरुष मात्र सापडतात. पायरीवर टेकलेले, गप्पा हाणणारे, कुणी एकटाच नदीकडे बघत बसलेला. त्यांना तिथे कशाला आलात म्हणून कुणी विचारत नाही.

आणि हे गाव कुणाचं? जनाबाईचं! परंपरा सांगते की ती इथलीच. दमा आणि करुंड या दांपत्याची लेक. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच नामदेवांची दासी म्हणून तिनं आयुष्य काढलं. सात शतकांपूर्वीची ही गोष्ट. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, धुणं, शेण्या वेचणं... तिच्या अभंगांत जी कामं येतात, ती वाचता वाचता आपल्याच कंबरेत कळ येते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. वारकरी बाया त्याला हात लावून नमस्कार करतात, थोडं फिरवूनही बघतात.

विठोबा तिच्याबरोबर दळायला बसायचा, झाडलोट करायचा, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. आपण ती चमत्कार म्हणून ऐकतो. मला मात्र त्यात एका कामानं पिचलेल्या बाईची अगदी साधी मागणी ऐकू येते. तिनं देवाकडे सोनंनाणं मागितलं नाही. तिला हवं होतं ते कामाला लागणारं एक माणूस, जात्याच्या खुंट्याला दुसरा हात! देव तिच्या घरी पाहुणा म्हणून पाटावर बसला नाही, खुंटा धरून बसला. आपल्या घरी मुक्कामाला आलेल्यांपैकी किती जण असं करतात?

त्याच कथेचा पुढचा भाग आपण फार लक्ष देऊन ऐकत नाही. देव दळायला आला, जाताना आपलं पदक तिच्याकडे विसरला आणि तिची वाकळ घेऊन गेला. झालं! सकाळी पदक तिच्या घरात सापडलं आणि चोरीचा आळ आला तो जनीवर. तिला सुळावर द्यायला नेलं, आणि त्या सुळाचं पाणी झालं. म्हणजे बघा, ज्या बाईला कामात मदत मिळाली, तिलाच जाब द्यावा लागला. आजही हे फारसं वेगळं नाही. नवऱ्यानं सहलीत पोरांना जेवू घातलं आणि बायको तासभर नदीवर बसून आली, तर बोलणारे नवऱ्याला 'किती करतो हो बायकोसाठी!' म्हणतात. आणि तिला? 'मजा आहे बाई तुझी!' या कौतुकात आळ किती असतो, ते ऐकणारीला बरोबर कळतं.

असं नाही, की पूर्वीच्या बायकांना संध्याकाळ माहीतच नव्हती. आमच्या जिल्ह्यात जुन्या बारवा आहेत. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला यादवकाळातली देवळं आहेत, तशी बारवही आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर बघत राहावी अशी, पायऱ्या गोल गोल वळत खाली पाण्यापर्यंत उतरतात. गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली ही बारव गावकऱ्यांनीच उपसून पुन्हा उघडी केली, ही फार मोलाची गोष्ट. अशा बारवांवर संध्याकाळी कोण असायचं? बायकाच! पाण्याच्या निमित्तानं तिथे चार शब्द व्हायचे, माहेरचे निरोप पोचायचे, सासूच्या कागाळ्या व्हायच्या, पायरीवर घटकाभर टेकायला मिळायचं. घागर जवळ होती म्हणून कुणी बोलत नव्हतं.

नळ आला हे फार चांगलं झालं. डोक्यावरची घागर उतरली, तिची हळहळ वाटायचं काही कारण नाही. पण घागरीबरोबर ती पायरीही गेली, हे आपल्या लक्षातच आलं नाही. पुरुषांचा पार राहिला, चहाची टपरी राहिली, पानाचा ठेला राहिला. बायकांची बारव गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. आता उरली ती जत्रा, हळदीकुंकू, भजनी मंडळ, आणि आमच्या परभणीत दर फेब्रुवारीत भरणारा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस. उरुसात बघा, हिंदू-मुसलमान सगळ्या घरच्या बायका रात्रीपर्यंत बांगड्यांच्या दुकानांत, पाळण्यांपाशी हिंडतात आणि कुणी डोळे वटारत नाही. कारण निमित्त आहे! म्हणजे अडचण बाईच्या रात्री बाहेर असण्याची नाही. निमित्त नसताना बाहेर असण्याची आहे.

मुंबईतल्या बायकांबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरात बाई दिसते ती कुठून तरी कुठे तरी जाताना. हातात पिशवी, पर्स, मूल, कानाला फोन. काही काम नसताना नुसतं रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, आणि तो मिळायला हवा. मुंबईची ही कथा, तर गंगाखेड-पाथरीची काय सांगावी?

लगेच कुणी म्हणेल, ''अहो, पण अनोळखी गाव. दिवस कसले आहेत! बाईमाणसानं दिवेलागणीला आत असलेलं बरं.'' ही काळजी खोटी नाही. उगाच धाडस करा असं मीही म्हणणार नाही. पण काळजीचा इलाज दर वेळी बाईलाच आत बसवणं हा कसा? अंधार असेल तर दिवा लावायचा, बाईला का उचलायचं? आणि घाटावर दहा बायका बसलेल्या असल्या तर अकरावी निर्धास्त बसते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. एकही नसेल, तर पहिलीला बसवत नाही.

शिवाय आता बायका निघायला लागल्यात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. स्टँडवर जाऊन बघा. बचत गटाच्या बायका, भिशीच्या मैत्रिणी, नातीला घेऊन निघालेल्या आज्या. ज्या कधी माहेर सोडून कुठे गेल्या नाहीत, त्या तुळजापूर, माहूर, पैठण करून येतायत. कापूस वेचणारी बाईसुद्धा निम्म्या तिकिटात गंगाखेडला जाऊन येऊ शकते. निवांत संध्याकाळ ही काय फक्त पैसेवाल्यांची चैन नाही. उलट जिची कंबर दिवसभर वाकलेली, तिला घाटाची पायरी जास्त हवी.

तिकीट निम्मं झालं, पण पोचल्यावर काय? बाहेरगावी निघालेली बाई सकाळपासून पाणी कमी पिते. का, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. स्वच्छ, उजेड असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह कुठे सापडेल याची खात्री नसते म्हणून! तहानेनं डोकं दुखत असताना कसली आलीय निवांत संध्याकाळ? आणि परतीची शेवटची गाडी लवकर असेल, तर दिवेलागण बघायची कशी? निम्म्या तिकिटाबरोबर या दोन गोष्टी आल्या नाहीत, तर बाई जाईल आणि पाया पडून तशीच धावत परत येईल.

पाथरीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जानेवारी २०२० मध्ये शंभर कोटींची घोषणा केली. त्यावरून वाद पेटला, शिर्डीकरांनी बंद पाळला. जन्मस्थान कुठलं याची चर्चा महाराष्ट्रभर रंगली. रंगू द्या. पण तीर्थांच्या गावांसाठी असे आराखडे होतात, तेव्हा रस्ते, कमानी, वाहनतळ यांच्याबरोबर आणखी काही प्रश्न कुणी विचारतं का? संध्याकाळी सातला बाईला बसायला जागा कुठे? तिथे उजेड आहे का? स्वच्छतागृह किती पावलांवर? चहा विकणारी एखादी बाई तिथे असेल का? कमानीखाली फोटो निघतो, पण बसता येत नाही हो!

हे होऊ शकतं, हे बघायला फार लांब जायला नको. शेजारच्या नांदेडला गुरुद्वाऱ्यात जाऊन या. गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण तिथे १७०८ मध्ये झालं, आणि २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा मोठा झाला. तिथे गेलेली बाई संध्याकाळी काय करते? डोक्यावर पदर घेऊन निवांत बसते. कीर्तन ऐकते. पोरं फरशीवर खेळतात. स्वयंपाकाचा घोर नाही, कारण लंगर आहे. तिथे पुरुषही पोळ्या लाटतात, भांडी घासतात, झाडतात, लोकांचे जोडे सांभाळतात. सेवा म्हणून करतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. वाटलं तर बाईही पोळ्या लाटायला बसते, पण ती तिच्या मर्जीनं. बायकांच्या निवांतपणाचं गुपित यात आहे. काम तिथेही असतंच, ते वाटून घेतलेलं असतं. विठोबानं खुंटा धरला, त्यातली आणि या लंगरातली गोष्ट एकच.

मग आपल्या हातात काय आहे? सरकार करील तेव्हा करील. घरातली व्यवस्था तर आपण निघण्याआधीच लावू शकतो. पहिल्या संध्याकाळी खोलीतलं आवरणं कुणी करायचं, हे घरी असतानाच ठरवावं. गोळ्यांची पिशवी मुलाच्या ताब्यात द्यावी. तेराव्या वर्षीच्या मुलाला मोबाइलमधलं सगळं कळतं, आजीची रात्रीची गोळी कुठली हेही कळेल! टॉवेल ज्याचे त्यानं वाळत घालावेत. त्या रात्रीचं जेवण बरोबर नेलेलं किंवा बाहेरचं, पण वाढायची पाळी दुसऱ्या कुणाची. आणि सासूबाईंना खोलीत राखण बसवू नका, त्यांनाही बरोबर घ्या. त्यांच्या वाट्याला तर अशी संध्याकाळ आपल्याहून कमी आली असेल. 'मला काय करायचंय बघून, तुम्ही या जाऊन' असं त्या म्हणतील. ते खरं मानू नका. आपणही उद्या तेच म्हणणार आहोत, आणि तेव्हा कुणी ते खरं मानू नये असंच आपल्याला वाटणार आहे.

''अहो, एका रात्रीचा तर मुक्काम. तेवढ्यात संध्याकाळ मोकळी सोडली तर बघून कधी होणार?'' हा एक हिशेबी प्रश्न घरोघर येतो. त्याला उत्तर असं, की दोन ठिकाणं कमी बघा. आठ देवळं धावत बघितली की घरी आल्यावर कुठल्या देवळात काय होतं ते आठवत नाही. एका घाटावर दीड तास बसलं की पुजारी, नावाडी, फुलं विकणारी म्हातारी, पाण्यावर हलणारे दिवे, सगळं वर्षभर पुरतं. फुलवाली सांगते, ते माहितीपत्रकात नसतं. पावसाळ्यात पाणी कुठल्या पायरीला लागतं, कुठल्या सणाला गर्दी होते, तिचं माहेर कुठलं. बोलता बोलता ती आपल्यालाही विचारते, ''तुमी कुठल्या, ताई?'' आणि गावाशी आपली ओळख होते.

तेव्हा पुढच्या वेळी गंगाखेडला जा, नाहीतर पैठणला, नाहीतर सचखंड एक्सप्रेसनं थेट अमृतसरला. खोलीत पिशव्या ठेवा, पाणी पोटभर प्या, चपला पायात सरकवा आणि जे वाक्य इतकी वर्षं नुसतं ऐकत आलोय ते मोठ्यानं म्हणा. कुणी 'कुठे?' विचारलं तर 'इथेच' म्हणा. 'कशाला?' विचारलं तर मात्र उत्तर देत बसू नका. एकदा उत्तर दिलं, की दर वेळी निमित्त शोधावं लागतं. आणि घरात लेक असेल, तर तिला हाक मारून बरोबर घ्या. तिला हे वाक्य वेगळं शिकवावं लागणार नाही.